स्टाउट ब्राउनी करताय? बाटली ओतण्याआधी या चुका टाळा

माझी पहिली स्टाउट ब्राउनी, म्हणजे काळी स्टाउट बिअर घातलेली ब्राउनी, आम्ही चमच्याने खाल्ली. ओव्हनमध्ये चाळीस मिनिटं ठेवूनही मधला भाग पातळ पिठल्यासारखा हलत होता. बरं, इतकं करून बिअरची चव नावालाही नाही. मी फक्त अर्धा कप स्टाउट मोजून फ्रिजमधून काढली तशीच मिश्रणात ओतली होती. पुढे बरेच ट्रे बिघडवल्यावर लक्षात आलं, की या ब्राउनीच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाणी असतं. स्टाउट कितीही काळी, दाट दिसली तरी तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच आहे. ते काढायचं आणि चव ठेवायची, एवढंच काम आहे.

न आटवता ओतणे

बासुंदीला दूध आटवतो तशी स्टाउट आटवायची. ८ इंची चौकोनी टिनसाठी ३३० मिली स्टाउट घेऊन ती ६० मिलीवर आणा. अंदाज डोळ्यांनी घेऊ नका, काळ्या द्रवाची खोली पातेल्यात कळत नाही. मी रिकामं पातेलं आधी वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून घेते आणि अधूनमधून पातेलं उचलून पुन्हा ठेवते. आतला ऐवज ६५ ग्रॅमच्या आसपास आला, की गॅस बंद.

इथे दोन अपघात ठरलेले. पहिला उतू जाण्याचा. बिअरमध्ये वायू असतो, त्यामुळे ती दुधापेक्षाही बेइमान. लहान पातेलं घेतलंत तर बर्नर घासायची तयारी ठेवा. बाटली तासभर आधी उघडा, मोठ्या भांड्यात ओतून ढवळून फेस बसू द्या, मग मध्यम आचेवर ठेवा. दुसरा अपघात शेवटच्या पाच मिनिटांत होतो. सुरुवातीला वीस मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं; मग बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, पावाचा वास जाऊन कॉफीचा येतो, आणि तेवढ्यात आपण फोन घेतो. परत येईतो तळाला डांबर. नुसतं जास्त आटलं असेल तर गरम पाणी घालून ६० मिली करून घ्या. करपलं असेल तर मात्र फेकाच, साखरेने तो वास लपत नाही.

आटवताना आणखी एक गोष्ट घडते, जी पाककृतींत सहसा लिहिलेली नसते. पाणी उडतं, पण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा, कडूपणा उडत नाही. जो कडूपणा ग्लासात छान लागतो तो पाचपटीने दाटला की जिभेला बोचतो. म्हणून हॉप्स जास्त असलेली किंवा खूप कडक इम्पीरियल स्टाउट इथे नको. मिल्क स्टाउट मिळाली तर उत्तम. तिच्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज घातलेलं असतं आणि बिअरच्या यीस्टला ते पचत नाही, त्यामुळे गोडवा बाटलीत शिल्लक राहतो. ओटमील स्टाउटही चालते.

‘स्ट्राँग’ला स्टाउट समजणे

दिरांना एकदा स्टाउट आणायला सांगितली, तर ते ‘स्ट्राँग’ लिहिलेली बाटली घेऊन आले. दुकानदारानेही खात्रीने तीच दिली होती. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणजे मद्यार्क जास्त असलेली साधी पिवळी लागर बिअर. ती आटवली तर उरतो चिकट, कडवट पाक. कोकोशी त्याचं काही जमत नाही.

स्टाउटचा काळा रंग आणि कॉफीसारखी चव येते खरपूस भाजलेल्या बार्लीतून. डॅनियल व्हीलर या इंग्रजाने १८१७ मध्ये माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. कॉफीच्या बिया भाजतात तीच तऱ्हा. कोकोच्या बियाही भाजल्याशिवाय चॉकलेटचा वास येत नाही. दोघांची गट्टी जमते ती या भाजण्यामुळे. आणि लेबलवर ‘चॉकलेट माल्ट’ दिसलं म्हणून चॉकलेट कमी करू नका. ते नाव रंगावरून पडलंय, आत चॉकलेटचा कणही नसतो.

दुकानात नाही मिळाली तर मायक्रोब्रुअरीत, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या छोट्या ठिकाणी, विचारा. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. तिथेही नसेल, तर ६० मिली कडक काळी कॉफी घाला आणि तिला कॉफी ब्राउनी म्हणा. चांगलीच होते.

चॉकलेटमध्ये चमच्याचमच्याने घालणे

इथे आपला हात आपल्यालाच दगा देतो. काहीही मिसळताना ‘थोडं थोडं घाल’ हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. वितळलेल्या चॉकलेटला नेमकं तेच चालत नाही. थोडंसं पाणी लागलं की कोको आणि साखरेचे कण एकमेकांना चिकटतात आणि चकचकीत चॉकलेटचा ओल्या वाळूसारखा गोळा होतो. पाणी पुरेसं असेल तर कण पुन्हा सुटे होतात. ढोबळ हिशोब असा, की ५० ग्रॅम चॉकलेटला निदान एक मोठा चमचा द्रव हवा. १५० ग्रॅमला ६० मिली स्टाउट भरपूर झाली, फक्त ती कोमट असावी आणि एकदम ओतावी. गोळा झालाच तर घाबरू नका, एकेक चमचा गरम पाणी घालून जोरात फेटत राहा, सुटतो.

चॉकलेट मात्र खरं हवं. किराणा दुकानातली ‘डार्क कंपाउंड’ची लादी स्वस्त असते, कारण तिच्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते. एरवी मी तिला नाकं मुरडत नाही, पण महागाची बाटली आटवून वर कंपाउंड घालणं म्हणजे केशराच्या दुधात रंग टाकणं.

माझं प्रमाण असं: डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, बिनमिठाचं बटर ११५, साखर २२०, तीन अंडी (आपली अंडी लहान असतात), मैदा ८०, कोको ३० ग्रॅम आणि पाव चमचा मीठ. नेहमीचं पिवळं, मिठाचं बटर असेल तर वरचं मीठ वगळा. बेकिंग पावडर नाही. ती घातली की केक होतो. ब्राउनीवरची ती पातळ, तडकलेली पापडी हवी असेल तर अंडी आणि साखर पाचेक मिनिटं फेटा, फिकट आणि दाट होईपर्यंत. मैदा घातल्यावर मात्र हात आवरा, पांढरं दिसेनासं झालं की थांबा.

ओटीजीच्या बटणावर विश्वास

बटणावर १८०, आत काय ते देव जाणे. माझ्या ओटीजीत स्वतंत्र थर्मामीटर ठेवला तेव्हा कळलं, की तो वीस-पंचवीस अंशांनी जास्त तापतो. कडा दगड आणि मध्य कच्चा, ही तक्रार असेल तर आधी हेच तपासा. आत खरोखर १७५ अंश असावं. पंचवीस मिनिटांनी टूथपिक टोचा. तिला ओला भुगा चिकटला पाहिजे. ओघळ आला तर आणखी पाच मिनिटं, कोरडी निघाली तर उशीर झाला. अशी कोरडी ब्राउनी कुस्करून आइस्क्रीमवर घालावी आणि ‘असंच करायचं होतं’ म्हणावं.

‘भट्टीत सगळी दारू उडते’

नाही उडत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात मिश्रणात घालून अर्धा तास शिजवलं तर साधारण ३५ टक्के मद्यार्क उरतो, तासाभरानेही २५ टक्के. आपण आधी आटवतो, त्यामुळे ब्राउनीत अगदी थोडा राहतो, पण शून्य म्हणता येत नाही. म्हणून लहान मुलांना, गरोदर बाईला, न पिणाऱ्याला न सांगता खायला घालू नका. ऑफिसात डबा नेताना मी झाकणावर चिठ्ठी लावते.

शेवटची घाई सुरीची. गरम असताना कापलीत तर लगदा होतो आणि वाटतं, कच्चीच राहिली. पूर्ण निवू द्या, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. दुसऱ्या दिवशी स्टाउटची चव जास्त उठून येते, म्हणून पाहुणे शनिवारी यायचे असतील तर मी शुक्रवारी भाजते. कडेचे तुकडे शुक्रवारीच संपतात.