मक्यातली अळी नेमकी कोणती? जनुकीय डेटाबेसमध्ये असं शोधा

मक्याच्या पोंग्यातल्या अळीच्या डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके दिसले की ती अमेरिकन लष्करी अळी. भारतात ती २०१८ मध्ये पहिल्यांदा आढळली. पण अळी अगदी लहान असली की या खुणा दिसत नाहीत, मग डीएनए तपासावा लागतो. प्रयोगशाळेतून त्याचा क्रम, म्हणजे ए, सी, जी, टी या अक्षरांची ओळ, हातात आली की पुढचं काम घरच्या लॅपटॉपवर, फुकटात होतं.

आधी शास्त्रीय नाव पक्कं करा, कारण भातावरच्या वेगळ्याच एका अळीलाही आपण लष्करी अळीच म्हणतो. एनसीबीआय या अमेरिकी सरकारी जनुकीय डेटाबेसच्या टॅक्सॉनॉमी (जीवांची नावं आणि वर्गीकरण) विभागात स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा शोधा. तिचा क्रमांक ७१०८. तो टिपून ठेवा, पुढे स्पेलिंगची कटकट राहत नाही.

आता सीओआय जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा घ्या. कीटकांची ओळख पटवणारा बारकोड तो हाच. दोन्ही टोकांची ‘एन’ने (म्हणजे नीट वाचता न आलेल्या अक्षरांनी) भरलेली जागा छाटा आणि उरलेला क्रम न्यूक्लिओटाइड ब्लास्ट या एनसीबीआयच्या क्रम जुळवून बघणाऱ्या साधनात चिकटवा. निकालात सगळे जण थेट जुळणीचे टक्के बघतात. त्याआधी ‘क्वेरी कव्हर’चा, म्हणजे तुमच्या क्रमाचा किती भाग जुळला त्याचा, रकाना बघा: ९९ टक्के जुळणी जेमतेम १०० अक्षरांपुरती असेल तर तिच्यावर विसंबू नका. पहिल्या एकाच नोंदीवरही जाऊ नका. जेनबँकेत, म्हणजे एनसीबीआयच्या क्रमसंग्रहात, नोंदी संशोधक स्वतः भरतात आणि कीड ओळखण्यात त्यांचीही चूक होते. वरच्या दहा-पंधरा नोंदी एकच नाव सांगतायत का ते बघा आणि तोच क्रम बोल्ड या बारकोडच्या डेटाबेसमध्येही टाकून बघा.

नुसत्या नावाने शोधलंत तर एसएफ-९ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींच्या नोंदींचा ढीग समोर येतो. या पेशी मूळच्या याच किडीच्या कोषातल्या. पुण्यात बनलेल्या कोव्होव्हॅक्स या कोविडच्या लशीतलं प्रथिनही त्यांच्यातच तयार होतं! शेतातल्या किडीसाठी या नोंदी बाजूला ठेवा.

या किडीचे मका आणि भात असे दोन गट मानतात. गट ठरवायचा तर सीओआय पुरत नाही. ते मायटोकॉन्ड्रियातलं जनुक, फक्त आईकडून येतं. दोन गटांचा संकर झालेला असला तर बापाची बाजू त्यात दिसतच नाही. त्यासाठी पेशीच्या केंद्रकातलं टीपीआय जनुक लागतं. ते संपूर्ण जीनोममध्ये, म्हणजे किडीच्या सगळ्या डीएनएत, शोधताना एनसीबीआयवरची जीसीएफने सुरू होणारा क्रमांक असलेली जीनोमची आवृत्ती घ्या, तिच्यावर जनुकांच्या जागा दाखवलेल्या असतात. क्रमांकातल्या टिंबापुढचा आकडाही लिहून ठेवा. आवृत्ती बदलली की तो बदलतो आणि जुन्या जागा नव्या आवृत्तीत जुळतीलच असं नाही.