माळ्याची कडी, खांब आणि टेकू किती भार पेलतात, हे कसं काढायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातल्या जुन्या घरांत माळ्याची रचना साधारण ठरलेली असते. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. सुगीत भाताची पोती वर चढतात तेव्हा 'एवढी वर्षं टिकलंय, आताही टिकेल' यावर विसंबू नये. टेप, टोच्या, हातोडी आणि कागद-पेन्सिल एवढ्यावर बऱ्यापैकी खरं उत्तर निघतं. हे काम एप्रिल-मेमध्ये, मृगाच्या आधी उरकावं.

आधी शाबूत लाकूड किती आहे ते बघा

कडी बहुतेक वेळा भिंतीत शिरते तिथेच खराब होते. पावसाची ओल भिंतीत मुरते आणि वाळवीही तिथूनच चढते. म्हणून दोन्ही टोकांची फूटभर लांबी टोच्यानं तपासा. टोच्या सहज आत गेला तर तेवढं लाकूड हिशेबात धरू नका. हातोडीनं ठोका. निबर लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. मधल्या भागात खालच्या अंगाला मोठी गाठ किंवा आडवी चीर असेल तर ती कडी हिशेबात पास झाली तरी तिला टेकू द्यावा, कारण वाकताना सगळ्यात जास्त ओढ तिथेच बसते.

शाबूत लाकडाची रुंदी, उंची आणि दोन आधारांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. सुतार इंच-फुटात सांगतात, तेव्हा एक इंच म्हणजे २.५४ सेंमी.

कडीचा हिशेब

समजा कडी सागवानी आहे. रुंदी १० सेंमी, उंची १५ सेंमी, गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ३ मीटर, आणि दोन कड्यांत ६० सेंमी अंतर.

एका चौरस मीटरवरचं वजन असं: साडेसात सेंमी मातीचे १२० किलो, फळ्यांचे १६, कडीचे स्वतःचे १६, आणि राहत्या खोलीसाठी धरतात तो वापराचा भार २०० किलो. एकूण ३५० धरू. कडीच्या वाट्याला ६० सेंमीचा पट्टा येतो, म्हणून दर मीटरला २१० किलो.

बेंडिंग मोमेंट (भार कडीला किती जोरानं वाकवतो त्याचं माप) = दर मीटरचा भार × गाळा × गाळा ÷ ८, म्हणजे २१० × ९ ÷ ८ = २३६ किलो-मीटर, अर्थात २३,६०० किलो-सेंमी. कडीचा सेक्शन मॉड्युलस (छेदाच्या आकारामुळे कडी वाकण्याला किती विरोध करते त्याचं माप) = रुंदी × उंची × उंची ÷ ६ = १० × २२५ ÷ ६ = ३७५. भागाकार केला की दर चौरस सेंमीला ६३ किलो ताण निघतो. जुन्या पण निरोगी सागवानाला ८० किलोच्या वर जाऊ देऊ नये. ६३ चालतं.

आता पोती. ५० किलोचं पोतं आडवं टाकलं की साधारण ०.४ चौरस मीटर जागा घेतं, म्हणजे एका थराचे चौरस मीटरला १२५ किलो. वापराच्या २०० किलोंच्या जागी दोन थरांचे २५० धरले की ताण ७२ वर जातो. तिसरा थर चढला की ९५. म्हणजे या माळ्यावर दोनच थर, तिसरा नाही. शिवाय महिनोन्महिने ओझं राहिलं की लाकूड हळूहळू बसत जातं; पहिल्या दिवशी दिसलेला झोळ कालांतरानं दुप्पटही होतो.

उंचीचा वर्ग येतो, ही गोष्ट मनात पक्की ठेवा. वाळवीनं कडीच्या खालून अडीच सेंमी खाल्लं तर ताकद ३० टक्क्यांनी घटते, कडकपणा ४० टक्क्यांहून जास्त. तेवढंच बाजूनं गेलं तर नुकसान २५ टक्के. आणि हीच कडी आडवी झोपवली तर एक तृतीयांश कमी भार पेलते. नवी कडी बसवताना उभीच बसवा.

नवं लाकूड कसं पारखावं

वखारीतून ऐन (कानडीत मत्ती) किंवा दुसरं कुठलं लाकूड आणायचं असेल तर त्यातलीच अडीच सेंमी चौरस, सरळ रेषांची, बिनगाठीची पट्टी रंधून घ्या. दोन आधारांत १०० सेंमी अंतर ठेवून ती मांडा आणि मधोमध १० किलोचं वजन टांगा. चांगल्या सागवानाची पट्टी सुमारे ७ मिमी वाकते. १० मिमीच्या वर वाकली तर ते लाकूड सागवानाच्या मापानं वापरू नका. पट्टी मापाला अचूक हवी. जाडीत एक मिमी फरक पडला तरी उत्तर १५ टक्क्यांच्या आसपास चुकतं.

प्रत्यक्ष भार घालून चाचणी

फळ्या भार शेजारच्या कड्यांवर वाटतात, म्हणून एकाच कडीवर वजन ठेवून काही कळत नाही. सलग तीन कड्यांचा पट्टा घ्या आणि मधल्या कडीचा झोळ मोजा. वापराच्या भाराच्या सव्वापट, म्हणजे चौरस मीटरला २५० किलो. वरच्या मापांच्या पट्ट्यावर १,३५० किलो होतात, म्हणजे वाळूची ५० किलोची २७ पोती. प्रत्येक पोतं वजन करून घ्या. ओली वाळू फसवते.

चाचणीआधी खालच्या खोलीत कडीखाली टेकू उभे करा, पण कडीला टेकवू नका. ३ ते ५ सेंमी फट ठेवा. कडी तुटलीच तर माळा त्यावर अडकेल. खाली कुणी थांबू नये.

पोती चार टप्प्यांत चढवा. दर टप्प्याला कडीच्या मध्यापासून जमिनीवर रोवलेल्या पट्टीपर्यंतचं अंतर लिहा. ताणलेल्या दोरीवरून माप घेऊ नका, हवेतल्या ओलाव्यानं दोरीचा ताण बदलतो. या कडीचा झोळ एकूण ६ मिमीच्या आसपास, दर टप्प्याला साधारण दीड मिमी यायला हवा. एखाद्या टप्प्यात तो आधीच्यापेक्षा उघड जास्त आला किंवा करकर आवाज आला की तिथेच थांबा आणि पोती उतरवा. विटा वापरल्या तर ढिगांमध्ये फट सोडा. एकमेकांना टेकलेले ढीग कमान धरतात, भार थेट टोकांकडे जातो, आणि कमजोर कडीही पास झाल्यासारखी दिसते.

भार २४ तास ठेवून काढा. पुढच्या २४ तासांत झोळ निदान ७५ टक्के परत यावा. ही अट आयएस ४५६ या भारतीय मानकात काँक्रीटसाठी दिली आहे. लाकडाला त्याहून सैल माप लावू नये.

खांब आणि टेकू

साडेबारा सेंमी चौरस, २.७ मीटर उंचीचा निरोगी सागवानी खांब आठ टनांच्या आसपास पेलतो. माळ्याच्या मानानं ते भरपूर. खांब दगा देतो तो बुडाशी, जोत्यावरच्या ओलीनं. तिथं टोच्या मारून आत उरलेला गाभा मोजा. आठ सेंमी चौरसच उरला असेल तर दर चौरस सेंमीला ६० किलो धरून जेमतेम ३,८०० किलो निघतात.

टेकूचं गणित वेगळं. लांब, बारीक लाकूड चिरडत नाही, बाजूला वाकून निसटतं. असं लाकूड किती भाराला बाजूला वाकेल हे सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्रात लांबीचा वर्ग खाली येतो. १० सेंमी व्यासाची नीलगिरीची बल्ली ३ मीटर उंचीला, तिप्पट सुरक्षितता धरून, सुमारे १,६०० किलो पेलते. तीच सव्वाचार मीटरला ८०० वर येते. मध्यावर दोन्ही दिशांनी आडव्या पट्ट्या ठोकून बांधली तर मोकळी लांबी निम्मी होते आणि क्षमता चौपट. एकाच दिशेनं बांधलं तर ती दुसरीकडे निसटते आणि बांधण्याचा काही उपयोग राहत नाही. बल्ली ओळंब्यात उभी करा, बुडाखाली रुंद फळी द्या, आणि पाचर समोरासमोर जोडीनं, हलक्या हातानं ठोका. जोरानं ठोकली तर कडी वर उचलली जाते आणि भिंतीतलं कुजकं टोक तिथंच फुटतं.