पायबंद: मोंटानाच्या रानात खेचरांमागे काढलेले दोन उन्हाळे

पहिल्या उन्हाळ्याच्या चौथ्याच दिवशी माझ्यामुळे एका खेचराचं खोगीर फिरून पोटाखाली गेलं. एका बाजूला डबाबंद टोमॅटो आणि पीठ, दुसऱ्या बाजूला झोपायच्या पिशव्या. दोन्ही गाठोडी डोळ्यांना सारखी दिसली, म्हणून मी वजन केलं नाही. चढावर जड बाजू खाली ओढत गेली, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा फिरला, आणि पोटाखाली लोंबणारं ते लटांबर लाथाडत खेचर उधळलं. रांगेतली बाकीची जनावरं मात्र त्याच्याबरोबर फरफटली नाहीत. पुढच्या खोगिराला मागचं खेचर थेट दोरखंडानं बांधत नाहीत. मध्ये बारीक दोरीचा एक फास मुद्दाम ठेवतात. एक जनावर घसरलं तर तो तटकन तुटावा आणि त्यानं बाकीच्यांना दरीत नेऊ नये, एवढंच त्याचं काम.

खेचराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पीठ मात्र पायवाटभर पसरलं. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात सांडलेलं खाणं तसंच टाकून पुढे जाता येत नाही. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून मातीसकट पीठ पिशव्यांत भरत होतो. आमचा म्होरक्या, तिकडच्या भाषेत पॅकर, एक शब्द बोलला नाही. सगळं आवरल्यावर त्यानं आपल्या खोगिराला अडकवलेला ताणकाटा काढला आणि माझ्या हातात दिला. पुढचे सगळे दिवस वजनं करायचं काम माझ्याकडे.

हे सांगायचं कारण, दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयातली माझ्या मागची मुलं अधूनमधून विचारतात, "ताई, तिकडे जाऊन वाइल्डरनेसचा अभ्यास करायचाय, आधी काय वाचू?" मी म्हणते, आधी गाठ मारायला शिक. मुलांना वाटतं मी टाळतेय.

मी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, मिसूलाला गेले तेव्हा मलाही पुस्तकंच दिसत होती. मोंटाना विद्यापीठाचं वनशास्त्राचं महाविद्यालय तिथे आहे. वाइल्डरनेस राखायचा आग्रह धरणारा वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड, त्याच्या नावाची सरकारी संशोधनसंस्था १९९३ पासून त्याच गावात आहे. गावाबाहेर थोड्या अंतरावर नाइनमाइल नावाचं ठाणं आहे. १९३० साली वणवे विझवणाऱ्यांसाठी खेचरं आणि घोडी तयार ठेवायला ते बांधलं. नकाशावर हे सगळं पाहिलं होतं, पण खेचरांचा आणि त्या संशोधनाचा काही संबंध असेल असं मनात आलं नव्हतं.

आधी वाइल्डरनेस म्हणजे काय ते. आपल्याकडे अभयारण्य म्हटलं की गेट, जिप्सी, गाइड आलेच. तिकडे हा वेगळाच कायदेशीर प्रकार आहे. १९६४ च्या कायद्यानं ठरवलेल्या या भागांत रस्ते नाहीत, मोटारी नाहीत, सायकलसुद्धा नाही. मालाची हातगाडीही ढकलता येत नाही. वाटेवर पडलेली झाडं कापायला यांत्रिक करवत एरवी वापरत नाहीत. दोन टोकांना दोघं उभे राहून ओढायची लांब करवत असते आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. म्हणजे तुमचं आणि तुमच्या आठवडाभराच्या खाण्याचं ओझं आत जाणार ते दोन पायांवर किंवा चार पायांवर. सुरुवातीला सुमारे ९१ लाख एकर जमीन या कायद्याखाली आली. आज ती ११ कोटी एकरांच्या वर आहे, अख्ख्या महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट. आमचं रान होतं बॉब मार्शल, १० लाख एकरांहून मोठं. लोक त्याला नुसतं 'बॉब' म्हणतात, जणू गल्लीतला कुणी मित्र.

माझं बालपण नेरळचं. वर माथेरानला वाहनबंदी, त्यामुळे सिलिंडरपासून सिमेंटपर्यंत सगळं घोड्या-खेचरांच्या पाठीवर चढताना पाहिलेलं. गंमत अशी, की इतकी वर्षं पाहूनही मी ते 'पाहिलं' नव्हतं. बॉबमधून परत आल्यावर ओळखीच्या घोडेवाल्या मामांना फोन केला आणि खोगीर फिरल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "अगं पोरी, तंग आवळल्यावर दहा पावलं चालवलंस का? जनावर पोट फुगवून उभं राहतं. चालवायचं, मग परत आवळायचं." पॅकरनंही हेच दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, शब्दाला शब्द.

आता कामाचं. एका खेचरावर साधारण १५० पौंड, म्हणजे ६८ किलो ओझं घालतात. दोन बाजूंना निम्मं निम्मं. दोन गाठोड्यांत पौंड-दोन पौंडांपेक्षा जास्त फरक नको. आम्ही वापरायचो त्या डेकर खोगिराला वर लोखंडाच्या दोन कमानी असतात. सामान जमिनीवर जाड किंतानाच्या चौकोनात बांधायचं, भेटवस्तू गुंडाळतात तसं, पण कोपरे असे दुमडायचे की पाणी आत शिरणार नाही. मग ते गाठोडं कमानींतून आलेल्या दोरात टांगायचं. जड वस्तू तळाशी, टणक वस्तू बाहेरच्या अंगाला, जनावराच्या बरगडीला लागेल असं काहीही आत नको. मराठीत 'खोगीरभरती' म्हणजे फालतू भर. तिथे समजलं की खोगिराखालची भर चुकली तर पाठीला जखम होते आणि ते खेचर पुढचे कित्येक दिवस कामाला येत नाही. तेव्हापासून हा शब्द तुच्छतेनं वापरताना माझी जीभ जरा अडखळते.

बाकी सवयी लवकर लागतात. कासरा कधीही हाताला गुंडाळायचा नाही. वाटेत पायी माणूस भेटला तर त्यानं उताराच्या बाजूला उतरून उभं राहायचं आणि बोलत राहायचं. पाठीवर मोठी सॅक घेऊन झाडाआड गप्प उभा असलेला माणूस खेचराला शिकारी जनावरासारखा वाटतो. गवत बाहेरून आणायचं तर तणाचं बी नसल्याचा दाखला असलेलंच. दाण्याचं पोतं अस्वलाला पोचणार नाही असं टांगायचं.

संध्याकाळी दोन झाडांना रुंद पट्टे बांधून मध्ये उंचावर दोर ताणायचा आणि जनावरं त्याला बांधायची. झाडाच्या बुंध्याला नाही. कंटाळलेलं खेचर खुरानं उकरत राहतं आणि एका रात्रीत मुळं उघडी पडतात. सकाळी निघताना उकरलेले खड्डे बुजवायचे, लीद पांगवायची. हे काम कुणी फोटोत दाखवत नाही, पण पॅकर माणसाची पारख त्यावरच करतो.

आता वाचनाकडे येते, कारण ते महत्त्वाचं नाही असं माझं म्हणणं नाहीच.

लिओपोल्ड १९०९ साली येलमधून वनशास्त्र शिकून ॲरिझोनात वनखात्यात रुजू झाला. त्या काळी वनाधिकारी म्हणजे घोड्यावरचा माणूस. १९१३ च्या वसंतात न्यू मेक्सिकोत चराईची भांडणं सोडवायला तो एकटाच घोड्यावरून गेला आणि थंडीपावसात सापडला. पाय इतके सुजले की बूट कापावे लागले. मूत्रपिंडाचा आजार होता. वर्षाहून जास्त काळ कामापासून दूर राहिला, पुष्कळ वाचलं. मग १९२१ मध्ये वनशास्त्राच्या नियतकालिकात त्यानं एक लेख लिहिला. त्यात वाइल्डरनेस केवढं असावं याचं माप दिलंय. एकरांत नाही, मैलांत नाही: ओझ्याच्या जनावरांसह दोन आठवड्यांची सफर सामावेल एवढं.

हे वाक्य मी वर्गात वाचलं तेव्हा मला ते कवित्व वाटलं होतं. आठ दिवसांची फेरी करून आल्यावर कळलं की तो शुद्ध हिशोब आहे. एक खेचर दिवसाला किती चालतं, दाणा किती खातं, गवत किती लागतं, पाणी कुठे आहे, हे त्याला पाठ होतं. मधेच रस्ता लागला तर सफर तुटते. १९२४ मध्ये त्याच्या आग्रहानं न्यू मेक्सिकोतल्या गिला खोऱ्यात साडेसात लाख एकरांवर असा पहिला भाग राखला गेला. पण तिथे हरणं फार वाढली म्हणून शिकाऱ्यांना आत जाता यावं यासाठी पुढे त्यातूनच रस्ता काढला. रस्त्याच्या पलीकडे पडलेल्या तुकड्याला १९८० साली लिओपोल्डचंच नाव दिलं. सरकारी कागदांना विनोद करता येत नाही असं कोण म्हणतं?

कायद्याचा मसुदा लिहिणारा हॉवर्ड झानायझर वनाधिकारी नव्हता, संपादक होता. त्याच्या कोटाला आतून जादा मोठे खिसे शिवलेले असत आणि त्यांत पुस्तकं, पत्रकं, मसुद्याच्या प्रती. म्हणजे तोही एका परीनं लादलेला. अनेक वर्षं, ६० पेक्षा जास्त मसुदे. मे १९६४ मध्ये तो गेला आणि सप्टेंबरात कायद्यावर सही झाली. त्यानं व्याख्येत एक शब्द हट्टानं ठेवला: अनट्रॅमल्ड. शब्द चुकीचा ऐकून पुष्कळ जण त्याला 'न तुडवलेलं' समजतात. ट्रॅमल म्हणजे जाळं, आणि घोड्याच्या पायांत घालायची बेडीसुद्धा.

आपल्याकडे याला सख्खा शब्द आहे. पायबंद. 'अमुक गोष्टीला पायबंद घातला' असं रोज छापून येतं, पण मुळात तो घोड्याचा मागचा पाय जखडायचा दोर. बॉबमध्ये रात्री आम्ही म्होरकी घोडी चरायला सोडताना तिच्या पुढच्या पायांत कातडी पट्टा घालायचो. आपला पायबंद मागचा, त्यांचा पुढचा, एवढाच फरक. ती घोडी पट्ट्यासह दोन-दोन पावलं उड्या मारत चरायची, गळ्यातली घंटा वाजत राहायची, आणि तिच्या ओढीनं मोकळी खेचरं जवळपास थांबायची. पायबंद नसलेल्या रानात पायबंद घातलेली घोडी. त्या रात्री तंबूत हे माझ्या डोक्यात आलं आणि हसू आलं. नंतर मात्र तोच माझ्या प्रबंधिकेचा विषय झाला.

कारण वाद तिथेच आहे. जनावरांशिवाय वाटा दुरुस्त करणाऱ्या टोळ्या आत जाणार कशा? पण तीच जनावरं ओल्या कुरणात खूर रुतवतात आणि झऱ्याचा काठ ढासळवतात. कॅलिफोर्नियातल्या सिकोया आणि किंग्ज कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानांवर पायी जाणाऱ्यांच्या संघटनेनं खटला भरला. कायदा भाड्याच्या खेचरांसारख्या व्यावसायिक सेवा 'गरजेपुरत्या' चालू देतो, ती गरज कुणी मोजली, असा मुद्दा होता. २०१२ मध्ये न्यायालयाचा निकाल उद्यानाच्या विरोधात गेला आणि त्याच वर्षी काँग्रेसला, म्हणजे तिकडच्या संसदेला, तात्पुरते परवाने चालू ठेवणारा कायदा करावा लागला. मला विचाराल तर, मी कुणाच्याही बाजूला पूर्ण नाही. जून महिन्यातल्या ओल्या कुरणावर वीस खेचरं नेणाऱ्याशी मी भांडेन, आणि सगळी खेचरं बंद करा म्हणणाऱ्याला तो लांब करवतीचा एक दिवस देईन.

दुसरा वाद आपल्या जास्त ओळखीचा आहे. कायदा म्हणतो, माणूस इथे पाहुणा. पण या डोंगरांत ब्लॅकफीट, सेलिश, कूटनाय लोकांच्या वाटा कायद्याच्या शेकडो वर्षं आधीच्या. पश्चिमेला मिशन पर्वतरांगेत तिथल्या जमातींनी १९८२ साली स्वतःचं आदिवासी वाइल्डरनेस जाहीर केलं, स्वतःच्या नियमांनी. ज्यांनी मेळघाटातल्या पुनर्वसनाचं किंवा वनहक्क कायद्याचं काही वाचलंय, त्यांना या चर्चेत वर्गातल्या अमेरिकन मुलांपेक्षा जास्त बोलता येतं. गप्प बसू नका.

शेवटी नोकरीचं, कारण प्रश्न तिथेच येऊन थांबतो. वनखात्याच्या हंगामी नोकऱ्यांना साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व लागतं. त्या जाहिराती पाहून जीव जाळू नका. मी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एका खासगी सफरवाल्याकडे काम केलं. त्यासाठी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. पगार किरकोळ, जेवण भरपूर, त्यात शाकाहार म्हणजे चीज आणि घेवडा. माझ्या मालकानं पहिल्या उन्हाळ्याचे पैसे दोन महिने अडकवले होते, तेव्हा तारीख लिहून घ्या. घोड्यावर बसता आलंच पाहिजे असं नाही. वजन उचलता आलं पाहिजे आणि न सांगता भांडी घासता आली पाहिजेत.

ऑक्टोबरात जनावरांचे नाल काढून त्यांना हिवाळ्यासाठी खालच्या कुरणात सोडतात. नाल काढलेलं खेचर पहिला दिवस जरा जपून पाऊल टाकतं, चप्पल हरवलेल्या माणसासारखं. पुढच्या उन्हाळ्यासाठी माणसं शोधायला हे लोक जानेवारी-फेब्रुवारीत लागतात. तेव्हा फोन करा, तोही त्यांच्याकडच्या सकाळी सातच्या आत. ईमेल बहुतेक जण उघडतच नाहीत.