बायोस्टॅट (आरोग्याच्या आकड्यांचं शास्त्र) आणि पर्यावरण-आरोग्याच्या रिसर्च ग्रुपमध्ये जायचंय? या चुका टाळा

ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात किंवा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात कुठल्या ग्रुपमध्ये शिरायचं म्हटलं की बरेच जण एकच मेल सगळ्या सर-मॅडमना ढकलतात, "तुमच्या कामात खूप रस आहे", आणि काम कोणतं ते कुठेच नाही. त्यापेक्षा त्यांचे दोन पेपर वाचा, मेथड्सचा भाग तर नक्कीच, आणि त्यात जे अडलं ते विचारा, चार ओळी पुरतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे डेटा क्लीनिंगला, म्हणजे आकड्यांची फाइल तपासून साफ करण्याला, हमाली समजणं. सगळ्यांना थेट मॉडेल, म्हणजे आकड्यांतला संबंध काढणारं गणित, चालवायचं असतं. समजा वास्कोतल्या धुळीच्या रीडिंगची फाइल आली, तारीख 05/06, म्हणजे 5 जून. कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन असेल तर एक्सेल गपचूप ती 6 मे करून टाकतं. आपल्याकडे पाऊस साधारण तेव्हाच, जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणजे पावसाने धुतलेल्या हवेचा आकडा जाऊन बसला कोरड्या मे महिन्यात, आणि 12 च्या पुढच्या तारखा नुसत्या टेक्स्ट म्हणून पडून राहतात. एरर काही येत नाही, मॉडेल मजेत चालतं, उत्तर मात्र चुकतं. म्हणून मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करायचीच नाही, आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये वाचताना तारखेचा फॉरमॅट स्वतः सांगायचा आणि महिनावार ग्राफ काढायचा. भर जुलैत पीएम 10, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीचं प्रमाण, चढलेलं दिसलं की आधी तारखा तपासा. आणि रिकाम्या जागी शून्य भरू नका हो, मशीन बंद होतं म्हणजे हवा स्वच्छ होती असं नव्हे!

मग कारण जोडायची घाई. सांगे-डिचोलीकडे, खाणींच्या भागात, खोकल्याचे पेशंट जास्त दिसले की लगेच खाणीवर बोट. असेलही तसं, पण घरात चूल आहे का, विडी-सिगारेट किती, वय काय, हे विचारल्याशिवाय बोलता येत नाही. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, तर आधीची-नंतरची तुलना करू, ही आयडिया मला खरंच आवडते, फक्त खाण नसलेला एखादा तालुका सोबत घ्या, नाहीतर त्या काळात बाकी जे बदललं तेही खाणीच्याच खात्यावर जातं.

एथिक्स कमिटीची मंजुरी यायच्या आधी सर्व्हे सुरू करू नका, पेशंटची नावं असलेली फाइल व्हॉट्सअॅपवर तर अजिबात नको. आणि आठवड्याला किती तास द्यायचे, पेपरवर नाव कशावर ठरतं, हे जॉइन व्हायच्या आधीच सरळ विचारून घ्या, संकोच नको.