होयाची वेल: थंडीतला ताण आणि पुढच्या बहाराची तयारी

दिवस लहान होऊ लागले की होया या शोभेच्या फुलवेलीला नवी पाने फुटायची थांबतात. वेल रोगट झालेली नसते, ती विसावलेली असते. घरात वाढवलेल्या होया बिघडतात त्या बहुतेक याच दोन-तीन महिन्यांत, आणि पुढचा बहारही याच काळात हातचा जातो. एक तर उन्हाळ्याचे पाणी थंडीतही चालू राहते, नाहीतर फुलांचा जुना दांडा वाळकी काडी समजून कापला जातो. एवढ्या दोन चुका टाळल्या तर होयाइतकी सोशिक वेल कमीच सापडेल.

पाण्याचा हिशेब कळायला तिचे मूळ घर लक्षात घ्यावे. होया रुईच्या कुळातली. पान तोडले की तसाच पांढरा चीक येतो. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये टॉमस हॉय या माळ्याच्या नावावरून या प्रजातीचे नाव ठेवले. उष्ण प्रदेशातल्या जंगलात बहुतेक होया जमिनीत नसतातच, झाडांच्या फांद्यांवर राहतात. सालीच्या भेगांत मुळे रुतलेली असतात. पाऊस आला की ती चिंब होतात आणि वाऱ्याने थोड्याच वेळात सुकतात. कार्नोसासारख्या जाड पानांच्या जाती पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे पाणी फारच कमी खर्चतात. अशा मुळांना चिकट, दिवसेंदिवस ओली राहणारी माती म्हणजे गुदमरणेच.

थंडीतले पाणी

फळबागेत बहार धरण्यासाठी काही काळ पाणी तोडून ताण देतात, त्याच जातीचा पण सौम्य ताण होयाला द्यायचा आहे. वार ठरवून पाणी घालू नये. पाणी घालून निथळल्यावर कुंडी एकदा हातात उचलून वजनाचा अंदाज घ्यावा, आणि पुढे ती उचलूनच ठरवावे. १५ सेंमी व्यासाच्या कुंडीत बांबूची काडी ८-१० सेंमी खोल खुपसून दहा मिनिटांनी काढावी. काडीला ओल दिसली किंवा कण चिकटले तर पाणी नको. काडी कोरडी निघाली तरी थंडीत आणखी तीन-चार दिवस थांबायला हरकत नाही.

द्यायचे तेव्हा मात्र भरपूर द्यावे. घोट-घोट पाण्याने वरचा थर ओला दिसतो आणि खालची मुळे कोरडीच राहतात. कुंडीच्या तळातून धार लागेपर्यंत खोलीच्या तापमानाचे पाणी घालावे आणि अर्ध्या तासाने बशीतले साठलेले पाणी ओतून टाकावे. नळाचे गार पाणी थेट मुळांवर नको.

पान सुरकुतले की पाणी कमी पडले, असा समज पक्का असतो आणि तोच घात करतो. सुरकुत्या दोन कारणांनी येतात: मुळांना पाणी मिळत नाही, किंवा मुळे कुजल्यामुळे ती पाणी घेऊ शकत नाहीत. वरून दोन्ही पाने सारखीच दिसतात. खालचे एक जून पान दोन बोटांत धरून अलगद दुमडून पाहावे. ताठ राहिले तर पाण्याची गरज नाही. मऊपणे वाकले आणि कुंडीही हलकी असली तर वेल तहानलेली आहे. पाणी दिल्यावर एक-दोन दिवसांत पान पुन्हा भरते. पान वाकते आहे आणि कुंडी जड आहे, तर पाण्याचा थेंबही न घालता लगेच मुळे तपासावीत. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट तपकिरी आणि टणक असते. कुजलेले काळे पडते आणि ओढले की साल हातात येऊन आत दोरा उरतो. असा भाग स्वच्छ कात्रीने काढून टाकावा, वेल एक दिवस सावलीत उघडी ठेवावी आणि नव्या कोरड्या मिश्रणात (प्रमाण पुढे दिले आहे) लावून चार-पाच दिवसांनी पहिले पाणी द्यावे. टणक मुळे उरलीच नसतील तर ती कुंडी वाचवत बसू नये, वरच्या निरोगी भागाचे छाट, म्हणजे नव्या रोपासाठी कापलेले तुकडे, घ्यावेत.

बेल्ला आणि लिनिअरिस या लोंबत्या, बारीक पानांच्या जातींना एवढा ताण सोसत नाही. त्यांची पाने फारसे पाणी साठवत नाहीत. त्यांच्या बाबतीत वरचा ३ सेंमी थर सुकला की पाणी द्यावे.

फुलाचा दांडा

पानाच्या बगलेजवळून निघालेली दोन-चार सेंमीची बोडकी काडी नीट पाहा. तिच्या टोकाला खरखरीत, बारीक खुणांची बोंडी असते. प्रत्येक खूण म्हणजे तिथे लागून गेलेले एक फूल. होया त्याच टोकावर पुढच्या बहारात पुन्हा गुच्छ धरते आणि वर्षानुवर्षे एकच दांडा थोडा-थोडा लांबत जातो. तो कापला की वेलीला नवा दांडा तयार करण्यापासून सुरुवात करावी लागते आणि फुले लांबतात. दांडा जिवंत आहे का, हे हात लावून कळते: हिरवा असो की तपकिरी, टणक आणि घट्ट असला तर जिवंत आहे. मेलेला पिवळा पडून सुरकुततो आणि स्पर्शानेच निसटतो. बेल्लासारख्या जातीत फुलांबरोबर दांडाही गळतो. तो रोग नव्हे.

अशीच गत पानांविना लांब वाढलेल्या शेंड्यांची. हे शेंडे आधार शोधत हातभर पुढे जातात आणि पाने नंतर फुटतात. वेल विद्रूप दिसते म्हणून ते छाटण्याची घाई होते. छाटू नका. तारेच्या कडीला किंवा जाळीला, शेंडा स्वतः ज्या दिशेने वळतो त्याच दिशेने, सैल गुंडाळून द्या. उलट दिशेने वळवलेला शेंडा सुटून येतो आणि जोर केला तर मोडतो. छाटायचेच असेल तर पूर्ण वाळलेले तेवढेच काढावे. पांढऱ्या-पिवळ्या चट्ट्यांच्या पानांच्या जातीत निव्वळ हिरवी फांदी फुटली तर मात्र ती फुटली तिथूनच काढावी, नाहीतर जोमाने वाढून तीच वेल व्यापते.

उजेड आणि गारठा

फुले न येण्याचे दुसरे मोठे कारण उजेड. होया कोपऱ्यात जगते, फुलत नाही. खिडकीपासून ३०-५० सेंमीवर, सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि पुढे दिवसभर भरपूर उजेड, ही जागा उत्तम. दुपारी पानावर हात धरला असता सावलीची कड स्पष्ट पण मऊ दिसली तर उजेड पुरेसा आहे. पाने गर्द हिरवी आणि दोन पेरांतले (पाने फुटतात त्या गाठींतले) अंतर वाढत चालले तर उजेड कमी पडतो आहे. पाने फिकट पिवळसर झाली किंवा त्यांवर करपल्याचे कोरडे डाग आले तर ऊन जास्त होते आहे. खिडकीच नसेल तर पांढरा एलईडी दिवा वेलीच्या ३० सेंमी वर रोज १२ तास लावावा. पानांवरची धूळ महिन्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पुसावी.

वाढीच्या काळात १८ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. विश्रांतीत कार्नोसाला १२-१५ अंशांचा गारवा फुलांसाठी उपकारकच ठरतो, पण १० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. रात्री गार काचेला टेकलेल्या पानावर आधी पाणीदार, पारदर्शक चट्टा पडतो आणि तो भाग पुढे काळा होतो. म्हणून काच आणि पान यांच्यात बोटभर तरी अंतर हवे. हीटरचा झोतही अंगावर नको.

थंडी ओसरताना

शेंड्याला नवी कोवळी पालवी दिसली की वेल जागी झाली. खत तेव्हाच सुरू करावे, आधी नाही. विसावलेल्या मुळांना दिलेले खत क्षार होऊन कुंडीत साठते आणि मुळांची टोके जाळते. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश समान असलेले) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, तेही ओल्या मिश्रणावर. फुलांसाठी नुसते स्फुरद (फॉस्फरस) वाढवून काही साधत नाही, उजेड कमी असेल तर मुळीच नाही. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी धरली तर कुंडीच्या तिप्पट साधे पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत.

कुंडी बदलण्याची वेळही हीच, पण कळ्या दिसत नसतील तरच. दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे. मुळे कुंडीत दाटलेली असली की होया चांगली फुलते, म्हणून नवी कुंडी जुनीपेक्षा फक्त २-३ सेंमी मोठी घ्यावी. मोठ्या कुंडीत मुळे न पोचलेला भाग ओला राहतो आणि कूज तिथूनच सुरू होते. मिश्रणासाठी मापाने नारळाच्या सोडणाचे तुकडे ४ भाग, झाडाची साल २, परलाइट (फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके पांढरे दाणे) २, गांडूळखत १ आणि लाकडी कोळशाचे तुकडे १ भाग घ्यावेत. सोडणाचे तुकडे आधी २४ तास भिजवून, दोनदा पाणी बदलून घ्यावेत, कारण त्यांत मीठ असते.

कळ्या धरल्यावर

बारीक कळ्यांचा झुबका दांड्याच्या टोकाला दिसला की कुंडी जागची हलवू नये. जागा बदलली, मिश्रण एकदा जरी खडखडीत सुकले, किंवा हवा कोरडी पडली, तर कळ्या पिवळ्या होऊन गळतात. हवेतली आर्द्रता ५० ते ६० टक्के असावी. ताणाचा काळ आता संपला. कळ्या असेपर्यंत ओलीत खंड नको. कळी फुगून पंचकोनी बटणासारखी होते, मग पाच कडा उलगडतात आणि मेणात ओतल्यासारख्या चांदणीच्या मध्यभागी दुसरी लहान चांदणी दिसते. मधाचे थेंब त्यातूनच गळतात. वास बहुधा संध्याकाळनंतर वाढतो. खाली लाकडी फर्निचर असेल तर कागद अंथरावा. मध वाळला तर डाग कोमट ओल्या फडक्याने निघतो.

या मधाने मुंग्या येतात, पण फुले नसताना मुंग्या दिसल्या तर पिठ्या ढेकूण शोधावा. तो पानाच्या बगलेत, पेरांवर आणि दांड्याच्या बुडाशी कापसासारखा लपतो. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक टिपून काढावा आणि दर सात दिवसांनी असे तीन-चार वेळा करावे. एकदा पुसून अंडी जात नाहीत. कुंडीच्या आतल्या भिंतीवर आणि मुळांवर पांढरी पूड दिसली तर तो मुळांवरचा पिठ्या. त्याला फवारणी लागू पडत नाही. मुळे पाण्याखाली धुऊन सगळे मिश्रण टाकून द्यावे. कोवळ्या कळ्यांवरचा पिवळा मावा पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन जातो. लाल कोळी किंवा खवले कीड असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि १ मिली द्रव साबण ढवळून, आधी एका पानावर घेऊन पाहावे आणि दोन दिवसांनी संध्याकाळी सर्वत्र फवारावे. उमललेल्या फुलांवर फवारू नये.

छाटापासून रोप

वाढ सुरू झाल्यावर दोन-तीन पेरांचा, १०-१२ सेंमीचा निमजून, म्हणजे फार कोवळा नाही आणि फार जूनही नाही असा, छाट घ्यावा. चीक पाण्याखाली धुऊन छाट दोन तास सुकू द्यावा. चीक डोळ्यांना आणि त्वचेला झोंबतो, म्हणून हात धुवावेत. खालची पाने काढून किमान एक पेर ओलसर परलाइटमध्ये जाईल असे खोचावे आणि वर पारदर्शक पिशवी सैल बांधावी. २२-२६ अंशांत तीन ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. छाटापासून वाढवलेली कार्नोसा फुलायला साधारण दोन-तीन वर्षे घेते.

केरी या होयाच्या जातीचे बदामी आकाराचे एकच पान कुंडीत खोचून विकतात, ते घेताना पानाचे बूड उकरून पाहावे. पानाबरोबर पेराचा तुकडा नसेल तर त्याला मुळे फुटतील, पान वर्षानुवर्षे हिरवेही राहील, पण त्यातून वेल कधीच निघणार नाही.