ओव्हरक्लॉक करायचंय? आधी रॅम तपासा

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. पण प्रोसेसरला हात लावण्याआधी रॅम निर्दोष चालतेय याची खात्री करून घ्या. हे आग्रहाने सांगतोय, कारण माझे दोन शनिवार-रविवार यातच गेले. एएमडीच्या रायझन ५ ३६०० प्रोसेसरवर ४.२ गिगाहर्ट्झ लावले की अर्ध्या तासात निळी स्क्रीन यायची. मी व्होल्टेज वाढवत गेलो, तापमान चढत गेलं, क्रॅश काही थांबेना. शेवटी प्रोसेसर मूळ सेटिंगवर नेला, रॅमचं सेटिंग तसंच ठेवलं आणि रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून झोपलो. सकाळी पाहतो तर एररच एरर. रॅमच्या जुन्या दोन स्टिकांच्या जोडीला वेगळ्या संचातल्या आणखी दोन घालून चारही एक्सएमपीने (रॅमचं तयार जलद सेटिंग) ३६०० च्या वेगावर पळवत होतो. या प्रोसेसरसाठी एएमडीने दिलेली रॅमच्या वेगाची अधिकृत मर्यादा ३२००, आणि चार स्टिका लावल्या की ती आणखी खाली येते. नव्या दोन काढल्या, जुन्या दोन प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. पुढच्या रात्री एरर शून्य!

मदरबोर्डही बघून घ्या. इंटेलमध्ये साधारणपणे नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. रायझन बहुतेक खुलेच (वेग बदलू देणारे) असतात, पण ए३२० किंवा ए५२० बोर्डवर मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) बदलता येत नाही. सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) जुळलं म्हणजे काम झालं असंही नाही. जुन्या बायोसला (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर, ही सगळी सेटिंग त्यातच असतात) नवा प्रोसेसर ओळखता येत नाही, म्हणून बोर्ड कंपनीच्या यादीत त्या प्रोसेसरसमोर कोणतं बायोस लिहिलंय ते वाचा.

आता मुख्य काम. बेस क्लॉक, म्हणजे मल्टिप्लायरने ज्याला गुणलं जातं तो मूळ वेग, १०० मेगाहर्ट्झच राहू द्या, फक्त मल्टिप्लायर वाढवा: ४० म्हणजे ४.० गिगाहर्ट्झ, ४१ म्हणजे ४.१. एका वेळी एकच पायरी. प्रत्येक पायरीला सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालवायचं आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो (तापमान, व्होल्टेज दाखवणारा प्रोग्राम) उघडं ठेवून तापमान बघायचं. क्रॅश झाला तर व्होल्टेज ०.०२५ व्होल्टने वाढवा. मी १.३ च्या वर गेलो नाही, आणि ८५ अंश दिसले की थांबायचं हे आधीच ठरवलं होतं. व्होल्टेज महाग पडतं, कारण उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ व्होल्टवर ४.० ऐवजी १.३ वर ४.२ चालवलं तर वेग ५ टक्के वाढतो, पण वीज सुमारे २३ टक्के जास्त लागते. कूलर साधा असेल तर माझ्या मते ४.१ वरच समाधान मानावं.

मशीन बंद पडलं नाही म्हणजे स्थिर आहे असं समजू नका. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगर (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोधा. तिथे एक जरी नोंद दिसली तरी मी एक पायरी खाली येतो.

स्क्रीनच आली नाही तर घाबरू नका. वीज पूर्ण काढा, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत बसवा. सेटिंग मूळपदावर येतं, पण त्यासोबत एक्सएमपी आणि पंख्यांचं सेटिंगही जातं. म्हणून काही बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.