स्पायरोग्राफ: अंश म्हणजे पाकळ्या, छेद म्हणजे फेरे

स्पायरोग्राफ म्हणजे दातेरी कड्याला लावून दातेरी चाक फिरवायचं आणि चाकाच्या भोकात घातलेल्या पेनने नक्षी काढायची, असं खेळणं. त्याचा डबा उघडला की बहुतेकजण हाताला येईल ते चाक उचलतात, कड्यात ठेवतात आणि फिरवत सुटतात. उमटेल ती नक्षी. खरं तर किती पाकळ्या येणार हे पेन टेकण्याआधीच ठरलेलं असतं, आणि ते ओळखायला शाळेतला मसावि पुरतो.

कड्यावर आणि चाकावर छापलेले आकडे म्हणजे दात्यांची संख्या. मूळ ब्रिटिश सेटमध्ये दोन कडी होती. एकाला आतून ९६ आणि बाहेरून १४४ दाते, दुसऱ्याला आतून १०५ आणि बाहेरून १५०. चाकं २४ दात्यांपासून ८४ दात्यांपर्यंत. कड्याचा आकडा वर लिहा, चाकाचा खाली, आणि अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्या. जो अंश उरेल तितक्या पाकळ्या. जो छेद उरेल तितके फेरे चाकाने कड्याभोवती मारले की रेघ सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळते.

९६ च्या कड्यात ६४ चं चाक घेतलं तर ९६/६४ म्हणजे ३/२. तीन पाकळ्या, दोन फेरे, अर्ध्या मिनिटाचं काम. त्याच्या शेजारचं ६३ चं चाक घ्या: ९६ आणि ६३ चा मसावि ३, म्हणून ३२/२१. बत्तीस पाकळ्या आणि एकवीस फेरे! चाकं शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळणार नाही, दाता एकच कमी आहे.

आणखी काही जोड्या:

९६ मध्ये ७२: ४ पाकळ्या, ३ फेरे
१०५ मध्ये ६३: ५ पाकळ्या, ३ फेरे
१०५ मध्ये ४५: ७ पाकळ्या, ३ फेरे
९६ मध्ये ३६: ८ पाकळ्या, ३ फेरे
९६ मध्ये ४०: १२ पाकळ्या, ५ फेरे
१०५ मध्ये ५६: १५ पाकळ्या, ८ फेरे
९६ मध्ये ५२: २४ पाकळ्या, १३ फेरे
१०५ मध्ये ५२: १०५ पाकळ्या, ५२ फेरे

शेवटची जोडी पहिल्याच दिवशी घेऊ नका. बावन्न फेऱ्यांत एकदा जरी दाता निसटला तरी सगळी मेहनत वाया जाते.

पाकळ्यांची संख्या नेहमी कड्याच्या आकड्याला भाग देणारी असते. त्यामुळे ९६ च्या कड्यातून पाच किंवा सात पाकळ्यांचं फूल कधीच निघणार नाही, कोणतंही चाक घ्या. त्यासाठी १०५ चं कडं, कारण १०५ म्हणजे ३ × ५ × ७. नऊ पाकळ्या हव्या असतील तर १४४ च्या बाहेरच्या बाजूने ६४ चं चाक फिरवा (९/४), दहा हव्या असतील तर १५० च्या बाहेरून ४५ चं (१०/३). अकरा किंवा तेरा पाकळ्या दोन्ही कड्यांच्या चारही बाजूंवर अशक्य. तासभर चाकं बदलत बसण्यापेक्षा हे आधी माहीत असलेलं बरं.

पाकळ्या सारख्या असल्या तरी छेद बदलला की रूप बदलतं. ९६ मध्ये ३२ म्हणजे ३/१: तीन कोपऱ्यांची, स्वतःला कुठेही न छेदणारी आकृती, मध्ये मोठी मोकळी जागा. ९६ मध्ये ६४ म्हणजे ३/२: इथे रेघ स्वतःवरून जाते आणि वेढे एकमेकांत अडकतात. नाजूक जाळी हवी असेल तर छेद मोठा घ्या, ठसठशीत आकृती हवी असेल तर लहान.

९६ मध्ये ४८ ठेवलं की २/१ येतं आणि फुलाऐवजी लंबवर्तुळ मिळतं. चाकाच्या अगदी काठावर पेन ठेवता आलं असतं तर तिथे सरळ रेषाच उमटली असती. गोलात गोल फिरवून सरळ रेषा मिळवण्याची ही युक्ती तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसी या इराणी खगोलज्ञाने ग्रहांच्या गतीसाठी मांडली होती. खेळण्यात भोक काठापासून जरा आत असतं, म्हणून आपल्याला बारीक, लांबट लंबवर्तुळावर समाधान मानावं लागतं.

चाकावरच्या भोकांचे क्रमांक काठाकडून मध्याकडे वाढतात. १ नंबरचं भोक काठाजवळ, तिथे पाकळ्या टोकदार. जसजसं आत जाल तसतशा त्या बोथट होत जातात आणि अगदी मध्याजवळच्या भोकातून जवळजवळ वर्तुळच निघतं. फुलाच्या मध्यावर मोकळी जागा राहणार की नाही, हेही भोकावरच. कड्याच्या आकड्यातून चाकाचा आकडा वजा करा: ९६ − ६३ = ३३. ६३ च्या चाकाची त्रिज्या ६३ धरली तर मध्यापासून ३३ वर, म्हणजे साधारण अर्ध्या वाटेवर असलेल्या भोकातून काढलेल्या सगळ्या रेघा केंद्राजवळून जातात. दिसायला ते छान वाटतं, पण बत्तीस रेघा एकाच जागी आल्या की शाई साचते आणि पातळ कागद तिथेच फाटतो. त्या भोकाच्या एक-दोन घरं अलीकडे किंवा पलीकडे राहा.

मांडणी

कागद १०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन १०० ग्रॅम) किंवा त्याहून जाड घ्या. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद कमी फेऱ्यांच्या नक्षीला चालतो. कागदाखाली खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन थर ठेवा आणि कडं चार टाचण्यांनी पक्कं करा. नव्या सेटमध्ये टाचण्यांऐवजी चिकट पुट्टी येते. ती नसेल तर मास्किंग टेपच्या लहान गुंडाळ्या कड्याखाली लावा, पण त्या आतल्या दात्यांपर्यंत येऊ देऊ नका. काचेच्या टेबलावर थेट कागद ठेवू नका. खाली मऊ थर नसेल तर बॉलपेनची रेघ तुटक येते.

पेन म्हणाल तर साधं बारीक टोकाचं बॉलपेन. टोकामागचा निमुळता भाग भोकात घट्ट बसायला हवा. नुसती रिफिल घातली तर ती भोकात हलते आणि रेघ दुहेरी दिसते. जेल पेनची रेघ सुंदर येते, मात्र पुढच्या फेऱ्यात चाक त्याच ओल्या रेघेवरून घासत जातं आणि सगळं फरफटतं. पेन्सिलीचं टोक झिजत जातं, म्हणून पहिली पाकळी बारीक आणि शेवटची जाड दिसते.

फिरवताना

डाव्या हाताच्या दोन बोटांनी कडं दाबून धरा. चाकाला हात लावू नका, ते पेननेच फिरवायचं. पेन उभं ठेवा. तिरकं झालं की ते चाकाला एका बाजूने उचलतं आणि दाते सुटतात. जोर खाली कमी आणि कड्याच्या दिशेने जास्त. एकदा धरलेली दिशा शेवटपर्यंत बदलायची नाही, कारण दात्यांमध्ये किंचित फट असते आणि उलट फिरवलं की तेवढी रेघ सरकते.

दाता निसटतो तो बहुधा पाकळीच्या टोकाशी. चाक कड्याला जिथे टेकलेलं असतं, तो बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि बाकीचं चाक त्याच्याभोवती वळतं. १ नंबरच्या भोकातलं पेन टोकाशी येतं तेव्हा ते या स्थिर बिंदूच्या अगदी जवळ असतं. बिजागरीजवळ हात लावून दार ढकलून पाहा, तसंच. पेन अडतं, आपण जोर वाढवतो, आणि चाक वळायच्या ऐवजी उडी मारतं. म्हणून टोकाशी वेग कमी करा आणि पेन कड्याच्या कडेने सरकू द्या. पण तिथे थांबूही नका, शाईचा ठिपका पडतो. सवय होईपर्यंत ३ किंवा ४ नंबरचं भोक वापरलेलं सोयीचं.

९६ च्या कड्यावर एक दाता निसटला की पुढची सगळी नक्षी पावणेचार अंशांनी फिरते (हा अंश कोनाचा, वरचा अपूर्णांकातला). ठरलेले फेरे पूर्ण होऊनही रेघ सुरुवातीला मिळाली नाही, तर मध्ये कुठेतरी दाता निसटला असं समजा. निसटताना लक्षात आलं तर लगेच थांबा, पेन उचला, चाक एक दाता मागे घेऊन बसवा. चाक पारदर्शक असेल तर भोकाखाली शेवटची बरोबर रेघ आली का ते दिसतं. बाहेरच्या बाजूने फिरवताना हे जास्त वेळा होतं, कारण आत असताना कडं चाकाला सगळीकडून अडवतं, बाहेर अडवायला काही नसतं.

हे आलं कुठून

अशा नक्षीची यंत्रं जुनी आहेत. पीटर ह्युबर्ट डेस्विन्य या वास्तुकार-अभियंत्याने १८२७ मध्ये 'स्पायराग्राफ' नावाचं यंत्र जाहीर केलं आणि १८४५ ते १८४८ या काळात व्हिएन्नात नोटांसाठी त्याची एक आवृत्ती बनवली. दाते आणि भोक माहीत नसेल तर अशी जाळी बघून हुबेहूब काढणं फार अवघड, म्हणून बनावट नोटांना आळा. खेळणं मात्र लीड्सच्या डेनिस फिशर यांचं. त्यांची कंपनी नाटोच्या २० मिलिमीटरच्या तोफांसाठी स्प्रिंगा पुरवत असे. १९६२ ते १९६४ मध्ये त्यांनी रेखाटन यंत्रांवर काम केलं, १९६५ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी प्रदर्शनात स्पायरोग्राफ मांडला आणि त्याच वर्षी तो विक्रीला आला. अमेरिकेत तो केनर कंपनीने आणला.

स्टेशनरीच्या दुकानातला सेट

आपल्याकडे पातळ प्लास्टिकच्या एकाच पट्टीत कडं आणि चार-पाच चाकं असा स्वस्त सेट मिळतो. त्यावर आकडे नसतात किंवा असले तरी दात्यांचे असतीलच असं नाही. मार्करने एका दात्यावर ठिपका करा आणि दहा-दहाच्या गटांनी मोजा. मोबाइलवर फोटो मोठा करून मोजलं तर चूक कमी होते. एकदा मोजून मागच्या बाजूला लिहून ठेवा. दात्यांच्या फटीत प्लास्टिकची कुसळं राहिलेली असतात, ती नखं घासायच्या कानशीने काढा, नाहीतर चाक दर फेऱ्याला त्याच जागी अडखळेल.

दाते मोजलेले असले की आणखी एक काम जमतं. ९६ मध्ये ३२ ची तीन टोकांची आकृती काढा. मग चाकाचा ठिपक्याचा दाता कड्यावर चार दाते पुढे नेऊन, त्याच भोकातून पुन्हा काढा. असं एकूण आठ वेळा. ३२ भागिले ४ म्हणजे ८, त्यामुळे आठव्या आकृतीनंतर वर्तुळ सारख्या अंतराच्या चोवीस टोकांनी भरतं आणि नवव्या वेळी रेघ पहिल्यावरच पडते. रंग बदलायचा असेल तर चौथ्या आकृतीनंतर बदला.